२१० ला लिंबू, २५० ला नुसता गोडवा: टेंपरेचर कंट्रोलवाल्या मॉडचा चार महिन्यांचा हिशोब

आधी लिंबाची गोष्ट सांगतो, कारण हा मॉड, म्हणजे व्हेपचा (ई-सिगारेटचा) बॅटरीवाला डबा, घेतला तोच मुळात एका बाटलीपायी. लिंबू फ्लेवरचं एक लिक्विड घेतलं होतं, रिव्ह्यू सगळे भारी, आणि माझ्या जुन्या वॅटवाल्या डब्यात घातलं तर काय, नुसतं गोड गोड आणि मागून घशाला टोचणारं काहीतरी, लिंबू कुठेच नाही. चार दिवस ओढून कंटाळलो आणि उरलेल्यातली अर्धी बाटली मित्राला देऊन टाकली, म्हटलं घे बाबा, तुझं नशीब. दोन दिवसांनी त्याचा मेसेज, अरे हे कसलं फ्रेश आहे, साल किसल्यासारखा वास येतो. मला वाटलं खेचतोय. भेटल्यावर त्याच्या छोट्या पेनमधून एक कश मारला आणि गप्प बसलो. तेच लिक्विड, तीच बाटली. त्याचं पेन १२ वॅटवर चालतं आणि मी ते बिचारं ५५ वॅटवर भाजत होतो, एवढाच काय तो फरक.

त्यानंतर डोक्यात किडा वळवळायला लागला आणि टेंपरेचर कंट्रोलवाला मॉड घेतला. चार महिने झाले, रोज वापरतोय, म्हणून आता लिहितोय. ब्रँडचं नाव टाकत नाही, कारण पुढे शिव्याही घातल्यात आणि खरं सांगायचं तर या प्रकारातले बहुतेक मॉड आतून सारखंच काम करतात. आणि हो, हे सगळं आधीच सिगारेटमधून इकडे आलेल्या मोठ्या माणसांसाठी आहे. जो काहीच ओढत नाही त्याने हे वाचून सुरू करू नये, निकोटीन एकदा चिकटलं की सोडवताना काय होतं ते मला विचारा. जिथे कायद्याने बंदी आहे तिथे तर विषयच नाही.

आता हे चालतं कसं ते थोडक्यात, नाहीतर पुढचं कळणार नाही. साध्या मॉडमध्ये तुम्ही वॅट लावता, म्हणजे कॉइलला (लिक्विड तापवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याला) किती जोर द्यायचा ते, पण ती किती तापली याचा त्या डब्याला पत्ता नसतो. इथे दोन आकडे असतात, वॅट म्हणजे किती जोरात तापवायचं आणि डिग्री म्हणजे कुठे थांबायचं. माझ्यात १०० ते ३१५ डिग्रीपर्यंत लावता येतं. आणि गंमत अशी की आत थर्मामीटर वगैरे काही नाही! तार तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो, मॉड तो वाढलेला रेझिस्टन्स मोजतो आणि त्यावरून गणित करून सांगतो की आता इतकी डिग्री झाली असणार. २०१४ मध्ये इव्हॉल्व्ह कंपनीची डीएनए ४० चिप आली तेव्हापासून हीच आयडिया सगळीकडे चालू आहे. म्हणून कॅन्थलच्या, म्हणजे नेहमीच्या साध्या तारेच्या, कॉइलवर हे चालत नाही, तिचा रेझिस्टन्स तापून जवळजवळ हलतच नाही. निकेल, टायटॅनियम किंवा एसएस ३१६ एल स्टील लागतं. मी स्टील वापरतो. निकेलची तार फार मऊ, बोटाने वाकते, आणि टायटॅनियम लाल होईपर्यंत तापवायचं नसतं, त्यावर ऑक्साइडची पांढरी पूड धरते आणि ती फुफ्फुसात नको. एवढ्या अटी पाळण्यापेक्षा स्टील बरं.

पहिल्या आठवड्यात मी एकच काम केलं. तोच टँक (लिक्विडची टाकी), तशीच कॉइल, तारेला लिक्विड पाजणारा नवा कापूस, आणि लिंबू. १८० पासून सुरू करून दर दोन तासांनी १० डिग्री वाढवायची आणि मोबाईलच्या नोट्समध्ये लिहून ठेवायचं. घरच्यांनी विचारलं काय चाललंय, म्हटलं अभ्यास.

१८० ला जवळजवळ काहीच नाही, वाफ दिसत पण नव्हती धड, फक्त नाकात एक हलका वास. २०० ला साल. अगदी नखाने साल दाबल्यावर जे उडतं ना, ते. २१० ला साल आणि मागून थोडा आंबट रस, आणि वाफही बऱ्यापैकी, इथे मी जवळजवळ अर्धा दिवस अडकून बसलो कारण पुढे जावंसंच वाटेना. २२० पर्यंत ठीक. २३० ला लिंबाची गोळी झाली, म्हणजे लिंबू आहे पण कारखान्यातलं. २४० ला गोळीवरचा कागद. २५० ला लिंबू संपलं, नुसता गरम गोडवा आणि घशाला तेच जुनं टोचणं, म्हणजे माझ्या ५५ वॅटच्या दिवसांची चव हुबेहूब तीच. पुढे २७० ला एकच कश मारला आणि बंद केला.

असं का होतं तर लिक्विड म्हणजे एक पदार्थ नाही, मिसळ आहे. त्यात मुख्य दोन, पीजी म्हणजे प्रोपिलीन ग्लायकॉल, ते १८८ डिग्रीला उकळतं, आणि व्हीजी म्हणजे ग्लिसरीन, ते थेट २९० ला. निकोटीन २४७. फ्लेवरचे तर आणखी वेगळे, लिंबू-संत्र्यातलं लिमोनीन १७६ च्या आसपास, फळांच्या वासातलं इथिल ब्युटिरेट तर १२१ लाच, आणि व्हॅनिलातलं व्हॅनिलिन २८५. आता हे आकडे बघून लगेच कुणी तक्ता बनवायला बसू नका, मिसळलेल्या द्रवात प्रत्येक जण आपापल्या नंबरवर उठून जात नाही, एकमेकांना धरून ओढत नेतात. पण कल अंदाजे तोच राहतो, हलके वास कमी तापमानाला पुढे येतात आणि जड वास उष्णता वाढवल्याशिवाय हलतच नाहीत. वर, जास्त तापवलं की ग्लिसरीनची वाफ इतकी दाट होते की तिच्या स्वतःच्या गोडसरपणाखाली साल-बिल सगळं बुडून जातं. आणि जिभेचाही हात आहेच यात, गरम असलं की गोड जास्त गोड लागतं, ते आपल्या जिभेच्या रचनेतच आहे.

म्हणूनच व्हॅनिला कस्टर्डचं सगळं उलटं निघालं. ते २०० ला ओढलं तर ओला पुठ्ठा. खरंच ओला पुठ्ठा, मी बाटलीची तारीख तपासली. २२५ ला व्हॅनिला यायला लागला, २४० ला मागचा तो जाड दुधाळपणा उघडला आणि तेव्हा कळलं की लोक या फ्लेवरवर एवढे का मरतात. तंबाखू फ्लेवर २३०-२३५. मेन्थॉल कुठेही चालतं पण मला १९५ ला आवडलं कारण वाफच थंडसर असते, २५० ला गरम वाफ आणि थंड घसा अशी भांडणं लागतात तोंडात. आंबा मात्र दोन मजली निघाला, २०५ ला हिरवट, देठाजवळचा चिकाचा वास, आणि २३० ला पिकलेला गर, दोन वेगळी लिक्विड घेतल्यासारखं. कॉफी कुठल्याच आकड्यावर जमली नाही, पण कॉफी फ्लेवर मला आजपर्यंत कुठेच जमलेला नाही, त्यात मॉडचा दोष नाही.

इथपर्यंत वाचून वाटेल की वा, घेऊन टाकू. थांबा. आता शिव्या.

दुसऱ्या आठवड्यात एकदा टँक रिकामा झाला, मी सलग दहा-बारा कश मारले होते, कॉइल अजून गरम, तसाच टँक काढला, भरला, परत लावला. स्क्रीनवर विचारलं, नवीन कॉइल का? घाईत हो दाबलं. २१० च लावलेलं होतं, स्क्रीनवर २१० च दिसत होतं, आणि कश मारला तर थेट जळका, डोळ्यात पाणी. मला वाटलं कापूस नीट भिजला नाही. पाच मिनिटं थांबलो, परत मारला, परत तेच. स्क्रीन शांतपणे २१० दाखवतीये. कॉइल बदलली, बरं झालं. तीन दिवसांनी परत तसंच झालं तेव्हा ट्यूब पेटली.

झालं असं की मॉड समजतो तुम्ही कॉइल लावली तेव्हा ती खोलीच्या तापमानाला, म्हणजे २० डिग्रीला होती. तो रेझिस्टन्स तो पाया धरतो, यालाच लॉक करणं म्हणतात. माझी कॉइल त्या क्षणी समजा ६० ला असेल, तर पायाच चुकीचा, वरचं सगळं गणित वर सरकणार. मी कागदावर करून पाहिलं, ०.५ ओहमची स्टीलची कॉइल ६० डिग्रीला असताना लॉक झाली तर स्क्रीनवर २१० म्हणजे तारेवर २५५ च्या वर! उलट थंडीत बाहेरून आलात, मॉड ५ डिग्रीला गारठलेला आणि तसाच लॉक केला तर २१० चे १९० होतात, मग लिक्विड फिकं लागतं म्हणून तुम्ही बाटलीला नावं ठेवणार. तर नियम एकच, नवी कॉइल लावल्यावर दहा मिनिटं टेबलावर ठेवायची, मग लॉक करायचं आणि त्यानंतर टँक भरताना पुन्हा विचारलं तर सरळ नाही म्हणायचं. ही एक ओळ मॅन्युअलमध्ये ठळक छापायला काय जात होतं? मॅन्युअल म्हणजे एक घडीचा कागद, त्यात अर्धा कागद बॅटरी उलटी घालू नका यावर.

दुसरी भानगड स्टीलमध्येच आहे. निकेलचा रेझिस्टन्स २१० ला जाईपर्यंत दुपटीच्या वर जातो, त्यामुळे मॉडला मोजायला सोपं. स्टीलचा जेमतेम साडेसतरा टक्के वाढतो. ०.५ ची कॉइल ०.५९ पण होत नाही. म्हणजे पूर्ण खेळ ०.०९ ओहमच्या आत. त्यात टँकचा स्क्रू किंचित सैल असेल आणि नुसता ०.०१ चा घोळ झाला तरी २०-२२ डिग्री इकडची तिकडे. लिंबाच्या बाबतीत २० डिग्री म्हणजे काय ते वर सांगितलंच, साल आणि गोळी यातलं अंतर. म्हणून आता मी दर रविवारी मॉडचं तोंड आणि टँकची पिन सुक्या फडक्याने पुसतो, पूजा केल्यासारखं.

आणि स्टीलचा रेडीमेड सेटिंगचा आकडा माझ्या मॉडमध्ये चुकीचा होता हे नंतर कळलं. एसएस ३१६ एल ला (दर डिग्रीमागे रेझिस्टन्स किती पट वाढतो तो आकडा) ०.०००९२ च्या आसपास पाहिजे, यात काहीतरी वेगळंच भरलेलं. कस्टमर केअरला लिहिलं तर नऊ दिवसांनी उत्तर आलं की कृपया बॅटरी काढून परत घाला. बरं. काढली, घातली. मग मॅन्युअल मोडमध्ये जाऊन आकडा स्वतः टाकला आणि प्रश्न मिटला, पण जो पहिल्यांदा घेतोय त्याला हे कुठून कळणार, तो म्हणेल टेंपरेचर कंट्रोल म्हणजे भंकस आणि परत वॅटवर जाईल. गेलेत की कितीतरी जण.

तुमचा मॉड खरं बोलतोय का हे तपासायचं असेल तर कापसाची टेस्ट करा, मी केली. टँकवाली तयार कॉइल नाही, स्वतः गुंडाळतो त्या कॉइलवर. कोरडा कापूस, लिक्विडचा थेंब नाही, कमी वॅट, २०० लावलं आणि बटण दाबून पाच सेकंद. कापूस काढून बघितला, पांढराच. २२० ला कडेला अगदी फिकट, चहाचा डाग पुसल्यावर राहतो तेवढा. २४० ला तपकिरी पट्टे, तारेच्या वेढ्यांचे ठसे मोजता येत होते. तुमचा कापूस स्क्रीनवर २०० असताना तपकिरी होत असेल तर तुमचा मॉड थापा मारतोय, एवढं साधं आहे. तो कापूस फेकून नवा घाला मग, तोच भिजवून वापरू नका माझ्यासारखा.

एवढ्या शिव्या घालूनही मी हा मॉड परत दिला नाही त्याचं कारण म्हणजे ड्राय हिट, म्हणजे सुक्या कापसावर बसणारा जळका कश, तो यात बसत नाही. एकदा रात्री पिक्चर बघताना टँक कधी संपला कळलंच नाही, आणि कश मारतोय तर वाफ पातळ पातळ होत गेली आणि मग आलीच नाही. बस. जळका वास नाही, खोकला नाही, काही नाही. कापूस सुकला की तार पटकन तापते, मॉडला ते दिसतं आणि तो करंट तोडतो. साध्या मॉडवर हाच कश मारला असता तर पुढचे दोन दिवस सगळ्याला राखेची चव. जिभेचा प्रश्न तर आहेच, त्याहून मोठं म्हणजे पीजी आणि व्हीजी जास्त तापले की तुटतात आणि त्यातून फॉर्मल्डिहाइड, अॅसिटाल्डिहाइड, अॅक्रोलिन असली मंडळी निघतात. २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये यावर एक पत्र छापून आलं होतं, त्यात ३.३ व्होल्टला फॉर्मल्डिहाइड सोडणारे पदार्थ सापडले नव्हते आणि ५ व्होल्टला सापडले. त्यावर मग बरंच भांडण झालं की एवढ्या व्होल्टेजला ते उपकरण इतकं जळकं लागेल की माणूस ओढणारच नाही. दोन्ही बाजू वाचल्या तरी माझ्यापुरतं एक कळलं, जळकी चव म्हणजे नुसती वाईट चव नाही, आत काहीतरी तुटतंय याची घंटा आहे ती. आणि २१० ला ओढलं म्हणजे सगळं निर्धोक झालं असंही कुणी समजू नये, ही पाण्याची वाफ नाही.

बाहेरच्या हवेचं पण सांगतो, कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. व्हीजी थंडीत मधासारखं घट्ट होतं. ७०-३० चं (७० टक्के व्हीजी, ३० टक्के पीजी) लिक्विड गार पडलं की कापसात चढायलाच वेळ लावतं, आणि तुम्ही नेहमीच्या वेगाने कश मारत गेलात तर कापूस तहानलेला राहतो, चव फिकी. अशा वेळी डिग्री वाढवू नका, बाटली दहा मिनिटं खिशात ठेवा, दोन कशांच्या मध्ये थोडं थांबा. उन्हाळ्यात उलट, पातळ होतं आणि टँकच्या हवेच्या भोकातून गळतं, खिशात डाग. आणि बंद गाडीत बाटली विसरलात तर विसराच तिला. माझी एक आंब्याची बाटली दोन दिवस उन्हात गाडीत राहिली, रंग सोनेरीवरून चक्क काढ्यासारखा, निकोटीन उष्णतेने आणि हवेने ऑक्सिडाइज होतं त्याचा तो रंग, आणि घशाला मिरची. कपाटात अंधारात ठेवा, एवढं पुरतं.

गोड लिक्विडवाल्यांसाठी एक ओळ वेगळी. सुक्रालोज घातलेलं असेल तर ते वाफ बनून जात नाही, बहुतेक तारेवरच बसतं आणि काळं होतं. २४५ ला तसलं लिक्विड चालवलं तर माझी कॉइल तीन दिवसांत डांबर. तेच २१५ ला आठवडा निघाला. बिनगोडाच्या लिंबावर एक कॉइल सोळा दिवस चालली, कापूस काढला तर जेमतेम पिवळा.

बाकी मॉड म्हणून बोलायचं तर वजनदार आहे, दोन १८६५० बॅटऱ्या, शर्टाच्या खिशात ठेवला तर शर्ट एका बाजूला झुकतो. स्क्रीन उन्हात दिसत नाही. बटण चांगलं, टक् असा आवाज येतो. चालू झाल्या झाल्या एक जोराचा झटका देतो तो प्रीहीट बंद करता येतो, करा, नाहीतर पहिल्या अर्ध्या सेकंदात डिग्री वर उडी मारून मग खाली येते आणि नाजूक फ्लेवरची तिथेच वाट लागते. बॅटरी दिवसभर पुरते, कारण तापमान गाठलं की करंट कमी होतो. ५ पैकी साडेतीन देईन, अर्धा त्या मॅन्युअलसाठी कापला आणि एक त्या नऊ दिवसांसाठी.

परवा तोच मित्र आठवडाभरासाठी हा मॉड घेऊन गेला. जाताना त्याला सगळं समजावलं, थंड कॉइल, लॉक, २१०, लिंबू, सगळं, त्याने मान डोलावली. परत आणून दिला तेव्हा टँकमध्ये लिंबूच होतं आणि स्क्रीनवर २५०. म्हटलं अरे तूच तर मला सालीचा वास दाखवलास. तर म्हणतो, हो पण यात असं गरम गोड मस्त लागतं, पेनमध्ये कधी लागलंच नव्हतं.

उरलेली बाटली पण त्यालाच देऊन टाकली.